माती वर नेण्याआधी

शेतीशिक्षण केंद्राच्या छतावर हिरवळ करायची ठरली की सगळे आधी रोपवाटिकेत जातात. त्याऐवजी आधी इमारतीचे नकाशे शोधून काढा. स्लॅबची जाडी, तुळया, सळई हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून चौरस मीटरला किती वजन चालेल तो आकडा लेखी घ्या. नकाशे सापडत नसतील तर स्लॅबची तपासणी करून घ्या. "दणकट आहे, काही होत नाही" हा काही आकडा नव्हे. वजन नेहमी भिजलेल्या मातीचं धरायचं. शेतातली साधी माती 10 सेंटीमीटर पसरली आणि चिंब भिजली की चौरस मीटरला 160 ते 200 किलो भरते. भाजीपाल्यासाठी 30 सेंटीमीटर म्हटलं की अर्धा टन झालाच. शिवाय इथे माणसांचं वजन येतं. वाफ्यात काही दाखवायला घेतलं की वीस जण एकाच कोपऱ्यात घोळका करतात. चार चौरस मीटरवर वीस जण म्हणजे तेराशे किलोच्या आसपास. तेव्हा वर्ग उभा राहायची जागा आधीच आखा, आणि ती जागा व खोल वाफे शक्यतो खांब-तुळयांवर येतील असं बघा.

मग पाणी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर त्याची परीक्षा घेतल्याशिवाय एक घमेलंही वर जाऊ देऊ नका. पन्हाळीची तोंडं बंद करून 5 सेंटीमीटर पाणी 48 तास उभं करा (हेही चौरस मीटरला 50 किलो, इंजिनिअरला सांगून). कठड्याला पेन्सिलने पातळीची रेघ मारा. शेजारी सरळ काठाच्या डब्यात तेवढंच पाणी ठेवा. डब्यातलं उतरलं ते उन्हाने. छतावरचं त्याहून जास्त उतरलं तर ते कुठेतरी झिरपतंय. खाली जाऊन प्रत्येक खोलीचं छत आणि भिंतींचे कोपरे बघा. एकदा माती पडली की गळती शोधायला सगळं उकरावं लागतं, म्हणून हा कंटाळवाणा भाग मी कधीच घाईत उरकू देत नाही. पाणी जायला निदान दोन वाटा हव्यात, आणि त्या तुंबल्या तर कठड्यातून बाहेर पडायला वरच्या अंगाला एक भोक.

थर खालून वर असे: वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड, मग माती. कापड कंजूषपणे कापू नका. कडेला मातीच्या उंचीइतकं वर वळलं नाही तर गाळ थेट निचऱ्यात उतरतो. कठड्यालगत आणि पन्हाळीभोवती 30 ते 50 सेंटीमीटर रुंद खडीचा पट्टा सोडा. माती शेतातली नकोच. विटांचा चुरा किंवा हलका ज्वालामुखी खडा जास्त, कंपोस्ट थोडं; कंपोस्ट भारी झालं की ते कुजून वर्षा-दोन वर्षांत थर खाली बसतो.

रोपांबद्दल थोडक्यात: उथळ भागात सेडमसारखी मांसल पानांची, खोल वाफ्यात उथळ मुळांच्या भाज्या, झाडं अजिबात नकोत. पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली रोपं बोटभर असतानाच उपटायची.

कठडा, जिन्याचं दार, घसरणार नाही अशी पायवाट, वर नळ आणि अवजारांची पेटी हे वर्ग सुरू होण्याआधी हवं. धारदार अवजार वर लटकलेलं नको. वाऱ्याने पडलं तर खाली कुणी असेलच. या हिरव्या छताखालच्या खोलीत एक थर्मामीटर लावा, आणि तसाच उघड्या स्लॅबखाली दुसरा. मुलांनी रोज दोन्ही लिहायचे. एका कडेला काचेआड थरांचा काप ठेवलात तर खोदून दाखवायची वेळ येत नाही. छतावरून उतरणारं पाणी पिवळसर असतं आणि त्यात खत असतं. ते खालच्या बागेला द्या, पिण्याच्या टाकीत सोडू नका.

राहिला सुट्ट्यांचा प्रश्न. केंद्र बंद असताना पाणी कोण घालणार आणि मोठ्या पावसानंतर पन्हाळीची जाळी कोण साफ करणार, ही दोन नावं जिन्याच्या दारावर लिहून ठेवा. किल्लीही त्यांच्याकडेच.