मोडकं चांदीचं नाणं सापडलं तर

मेटल डिटेक्टर वाजतो, तुम्ही माती उकरता आणि हाताला लागतं ते अर्धंच नाणं. हिरमोड होतो, आणि त्या भरात माणूस ते पँटला पुसतो नाहीतर चिमटीत धरून सरळ करायला जातो. शतकानुशतकं जमिनीत टिकलेली चांदी अशा वेळी क्षणात तुटते.

जमीनमालकाची परवानगी आणि तिथला कायदा आधी बघून ठेवा. संरक्षित स्थळी डिटेक्टर काढूच नका.

आता आवाजाकडे. चांदी विजेची उत्तम वाहक, म्हणून जाड, अखंड नाण्यावर सूर उंच आणि स्वच्छ लागतो. पातळ, तुटक्या किंवा दुमडलेल्या नाण्यावर डिटेक्टरच्या पडद्यावरचा आकडा खाली घसरतो, आवाज अडखळतो. मातीत उभं रुतलेलं नाणंही असंच फसवतं. त्यामुळे संशय आला की त्याच जागेवर काटकोनात पुन्हा कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची तबकडी, फिरवा. फक्त उंच सूर खणणाऱ्याला मोडकी नाणी कधीच मिळत नाहीत.

खणताना मध्यावर घाव घालू नका. केंद्रापासून आठ-दहा सेंटिमीटर सोडून गोल कापा, ढेकूळ अलगद उचला आणि पिनपॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या डिटेक्टरने, शोधा. नाणं चिकटलेल्या मातीसकट डबीत ठेवा आणि खोली लिहून घ्या. आजूबाजूला आणखी नाणी किंवा खापरं निघाली तर खणणं तिथेच थांबवा. तो पुरलेला ठेवा असू शकतो. कोणती वस्तू कुठे होती हे जाणकारांना जागेवरच बघता आलं पाहिजे.

घरी आल्यावर धुण्याआधी फोटो काढा आणि भिंगाखाली जखम बघा. मला सगळ्यात मजा इथे येते. कापाच्या आतला रंग बाकी नाण्यासारखाच काळपट असेल तर ती जखम जुनी. आत चकचकीत चांदी दिसली तर नांगराची किंवा, कबूल करा, तुमच्याच फावड्याची. जुन्या जखमा बऱ्याचदा मुद्दाम केलेल्या असतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुटे पैसे हवेत म्हणून पेनीचे, म्हणजे चांदीच्या छोट्या नाण्याचे, सरळ अर्धे किंवा चौथाई तुकडे करत. कडा कातरून चांदी चोरणं तर इतकं बोकाळलं, की १६९६ मध्ये तिथे नाणी नव्याने पाडायला घ्यावी लागली. प्रेमाची खूण म्हणून वाकवलेली सिक्सपेन्स (सहा पेन्सची) नाणी आहेत, गळ्यात घालायला भोक पाडलेली नाणीही आहेत. असं नाणं ‘सरळ’ करणं म्हणजे त्याची गोष्टच पुसणं.

तसंही वाकवू नकाच. जुनी चांदी जमिनीत ठिसूळ होते आणि वाकलेल्या रेषेवरच तडकते. अगदी गरज असेल तर ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचं.

स्वच्छतेसाठी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही दिवस भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. सुटलेली माती ओल्या लाकडी काडीने हलकेच काढा. मग रंग वाचा. काळा थर बहुधा सिल्व्हर सल्फाइडचा. हिरवा थर मिश्रधातूतल्या तांब्याचा; ब्रिटनने १९२० मध्ये नाण्यांतली चांदी ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आणली, त्यानंतरची नाणी म्हणूनच जास्त हिरवटतात. करडा-जांभळा, मेणासारखा मऊ थर सिल्व्हर क्लोराइडचा असतो आणि छापाचे बारकावे कधीकधी त्या थरातच उरलेले असतात. तो खरवडला की अक्षरंही गेली. अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा प्रसिद्ध उपाय मुख्यतः सल्फाइडसाठी आहे. पातळ, तडकलेल्या नाण्यावर तो करू नका. टूथपेस्ट आणि पॉलिश तर कुठल्याच नाण्यावर नको.

पूर्ण वाळवून कडेला धरून ठेवा. पीव्हीसी प्लास्टिकची मऊ पाकिटं टाळा, त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर चढतो. रबर आणि लोकरीतलं गंधकही चांदी काळी करतं. आम्लमुक्त कागदाचं पाकीट घ्या आणि त्यावर नाणं ठेवण्याआधीच तारीख, जागा, खोली लिहा. नंतर लिहिलं तर पेनचा दाब नाण्यावर येतो.