दहा बाय दहाच्या खोलीत दोन सिंगल बेड

आधी गादीचं माप ठरवा, मग बेड. आपल्याकडे सिंगल गादी बहुतेक ३६ इंच रुंद असते, ३० इंचीही मिळते. लांबी ७२, ७५ किंवा ७८ इंच. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर ७२ च्या वाटेला जाऊ नका, पाय बाहेर येतात.

फसगत होते ती इथे: ३६ बाय ७५ हे गादीचं माप, बेडचं नव्हे. चौकट धरून बेड साधारण ३९ बाय ७९ होतो. सुतार ‘तीन बाय सव्वासहा’ म्हणाला, तर आतून की बाहेरून, हे विचाराच.

खोली १२० इंच. दोन्ही बेड समोरासमोरच्या भिंतींना लावले तर मधे ४२ इंच उरतात. ड्रॉवरचा बेड नको; दोन्हीकडचे ड्रॉवर उघडले की वाट बंद. सामानासाठी गादीखाली वर उचलायची फळी बरी. पायथ्याशी ४१ इंच राहतात. तिथे २४ इंच खोल कपाट बसतं, पण पुढे १७ इंचच उरतात, म्हणून दारं सरकती घ्या.

बेड एल आकारात लावले तर एका भिंतीला ७९ अधिक ३९, म्हणजे ११८. कागदावर बसतं. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच खातं, भिंत वाकडी असली की संपलंच. टेप स्कर्टिंगच्या उंचीवर धरूनच मोजा.

पाहुण्यांसाठी बेड जोडायचे असतील तर बाजूपट्ट्या गादीच्या वर येणार नाहीत असे बनवा. नाहीतर मधल्या पट्ट्या पाठीला टोचतात.