खाणीच्या पाण्यातलं क्रोमियम : हिराकस किती घालायचा?

ओडिशात जाजपूर जिल्ह्यातलं सुकिंदा खोरं हे देशातल्या क्रोमाइटचं मुख्य आगर. खनिजातलं क्रोमियम त्रिसंयुजी (Cr³⁺) असतं, सहसा विरघळत नाही. मँगनीजच्या ऑक्साइडशी गाठ पडली की त्यातलं थोडं हेक्साव्हॅलंट, म्हणजे षट्संयुजी (Cr⁶⁺) होतं, पाण्यात उतरतं, आणि हे रूप कर्करोगकारक आहे. खाणीतलं पाणी नाल्यात सोडायचं तर त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. त्यावर स्वस्त उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यातलं फेरस लोह हेक्साव्हॅलंटचं पुन्हा त्रिसंयुजी करतं, स्वतः फेरिक होतं, आणि दोन्ही गाळात बसतात. नमुना भुवनेश्वरच्या आयएमएमटी किंवा नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थांकडे पाठवणार असाल तरी रोजची मात्रा खाणीवरच, जार टेस्टने, म्हणजे वेगवेगळ्या जारांत वेगवेगळी मात्रा घालून, ठरवावी लागते.

आधी हिशेब. क्रोमियमच्या एका अणूला लोहाचे तीन लागतात. स्फटिकी हिराकसात ते बसवलं तर १ मिलिग्रॅम क्रोमियमला १६ मिलिग्रॅम हिराकस. पाण्यात लिटरला १.२ मिलिग्रॅम असेल तर किमान १९. प्रत्यक्षात जास्त लागतो, कारण पाण्यातला प्राणवायूही लोह खातो.

१० ग्रॅम हिराकस एक लिटर शुद्ध पाण्यात, सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून विरघळवा. याचा १ मिलिलिटर एक लिटर नमुन्यात घातला की मात्रा १० मिलिग्रॅम होते. द्रावण त्याच दिवशी वापरा. हिरवट रंग जाऊन तांबूस झालं की फेका, त्यातलं लोह कामातून गेलेलं असतं.

सहा जारांत एकेक लिटर खाणीचं पाणी घ्या. हातमोजे घालाच. पहिला जार तुलनेसाठी हिराकसाविना ठेवा, बाकीच्यांत २, ३, ४, ५ आणि ६ मिलिलिटर द्रावण टाका. मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने दोन मिनिटं, मग ३० फेऱ्यांनी पंधरा मिनिटं ढवळा. आता सामू (पीएच) पाहा. या क्रियेत आम्ल तयार होतं, म्हणून सामू उतरतो. तो साडेसातच्या खाली असेल तर चुन्याची निवळी थेंब-थेंब घालून ८ ते ८.५ वर आणा, कारण आम्लात त्रिसंयुजी क्रोमियम गाळात न बसता पाण्यातच राहतं. चुना आधी घालायची चूक फार होते. सामू चढला की प्राणवायू लोहावर झडप घालतो आणि क्रोमियमच्या वाट्याला काही उरत नाही.

अर्धा तास निवळू द्या. वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून डायफेनिलकार्बाझाइडने तपासा, हे रसायन हेक्साव्हॅलंट क्रोमियमशी जांभळा रंग देतं. जांभळी छटा ५४० नॅनोमीटरवर मोजतात. गाळायचा कंटाळा करू नका. पाण्यात फेरस शिल्लक असेल तर चाचणीतल्या आम्लात तेच उरलेलं हेक्साव्हॅलंट खाऊन टाकतं आणि आकडा खोटा, कमी येतो. तरंगणारं फेरिक असेल तर पिवळी झाक येते. लोहही मोजा, सोडताना ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं.

क्रोमियम ०.१ च्या खाली नेणारी सर्वांत कमी मात्रा निवडा. ती ३० मिलिग्रॅम आली तर हजार घनमीटर पाण्याला ३० किलो हिराकस. पावसाळ्यात हा आकडा गृहीत धरू नका, पाणी बदललं की चाचणी पुन्हा.

गाळ दर किलो क्रोमियममागे कोरडा धरला तरी आठेक किलो, ओला कितीतरी जास्त. तो उघड्यावर, मँगनीजयुक्त मातीवर पसरू नका, तिथे त्याचं पुन्हा हेक्साव्हॅलंट होऊ शकतं. तळाला अस्तर आणि वर छप्पर असलेल्या जागेतच साठवा.