पंप बदलण्याआधी गेज लावा

गेल्या दिवाळीच्या सुमारास इचलकरंजीचा एक मुलगा माझ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजवर 2002 ची होंडा सिटी व्हीटेक घेऊन आला. दीड लिटरचं, मूळ 106 हॉर्सपॉवरचं इंजिन. त्यावर छोटा टर्बो, 0.6 बार बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब), पेट्रोल फवारणारे मिनिटाला 440 सीसीचे इंजेक्टर, टाकीत ताशी 255 लिटरवाला पेट्रोलचा पंप आणि वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेकाळी 170 हॉर्सपॉवरच्या आसपास आकडा दिलेली गाडी. तक्रार एकच होती. चौथ्या गिअरला साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी गुदमरते आणि मीटर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दाखवतो.

"काका, तीन पंप बदलून झाले. नवा टाकला की पंधरा दिवस एक नंबर पळते, मग परत तेच."

सगळं उत्तर त्या "पंधरा दिवस"मध्ये होतं, पण ते हाती लागायला दोन दिवस मोजमाप करावं लागलं. हीच पद्धत मी प्रत्येक टर्बो गाडीला वापरतो, म्हणून ती सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी गाडी दाबणं बंद करा. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं की इंजिन नुसतं गुदमरत नाही. ज्वलनाचं तापमान चढतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते किंवा माथा वितळतो. "अजून एकदा दाबून बघू" म्हणत लोक शेवटी इंजिन उघडायला आणतात. तपासणी गॅरेजमध्ये आणि डायनोवर करायची, बायपासवर नाही.

मग कागद घ्या. गाडीला पेट्रोल किती लागतं ते माहीत नसेल, तर मिळतंय ते कमी की पुरेसं हे कशावरून ठरवणार? टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण दाबल्यावर एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण 6.3 सीसी पेट्रोल धरायचं. 170 ला झाले 1071 सीसी. आता पेट्रोल पंपावर मिळणारं पेट्रोल ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, म्हणून 8 टक्के वाढवा. मिनिटाला 1157 सीसी, म्हणजे ताशी जेमतेम 70 लिटर. टाकीत पंप होता 255 चा. दाब वाढला, व्होल्टेज घसरलं की पंपाचा प्रवाह कमी होतो हे खरं, पण तरी एवढा मोठा पंप 70 लिटरला कमी पडायला नको. तिघा मेकॅनिकांपैकी एकानेही हा गुणाकार केला असता तर दुसरा पंप विकत घ्यायची वेळ आली नसती.

इंजेक्टरचा हिशेबही इथेच उरकतो. 6500 आरपीएमला इंजिनाच्या एका पूर्ण चक्राला, म्हणजे दोन फेऱ्यांना, 18.5 मिलिसेकंद मिळतात. ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदीत) इंजेक्टर 13 मिलिसेकंद उघडा होता, म्हणजे 70 टक्के. 85 च्या वर गेला तर इंजेक्टर लहान पडतोय असं मी मानतो. इथे तो प्रश्न नव्हता.

लीन दिसतंय म्हणजे पेट्रोलच कमी, असंही लगेच धरू नका. त्या मीटरचा वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजतो. बूस्टमध्ये ठिणगी विझली तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर लीन दाखवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तरी तेच. दोन्हींतला फरक लॉगच्या रेषेत दिसतो. ठिणगी सुटली तर रेषा दातेरी उड्या मारते आणि गाडी झटके खाते. पेट्रोल कमी पडत असेल तर रेषा चढणीसारखी सावकाश वर जाते. आमच्या लॉगमध्ये लॅम्डा (1 म्हणजे पूर्ण ज्वलनाचं मिश्रण, आकडा चढला की लीन) 0.80 वरून तीन सेकंदांत 0.93 पर्यंत सरळ चढला होता. तरी मी स्पार्क प्लग काढले, गॅप 0.7 मिलिमीटरवर आणला आणि गॅस्केटवर साबणाचं पाणी मारून पाहिलं. अर्ध्या तासाचं काम, पण त्यामुळे पुढचे दोन दिवस डोक्यात शंका राहिली नाही.

मीटर एएफआरवर (हवा आणि पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणावर) नाही, लॅम्डावर ठेवा, हेही इथेच सांगतो. निव्वळ पेट्रोलला 14.7 हा पूर्ण ज्वलनाचा आकडा, पण ई20 ला तो साडेतेराच्या जवळ येतो. लॅम्डा 1 मात्र दोन्हींना 1 च.

आता गेज. रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) आधी टी जोडून 0 ते 100 पीएसआयचं गेज लावायचं. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. अग्निशामक हाताशी, दोन्ही शटर उघडी, इंजिन थंड. पेट्रोल भरलेली गेजची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका. डायनोवर वाचायचं असेल तर गेज काचेबाहेर वायपरखाली बांधा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावा.

जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन असलेल्या अशा गाडीत, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून दाब पाहायचा. आम्ही तो 43 पीएसआयवर लावलेला. नळी परत जोडली की आयडलला तो 34 च्या आसपास उतरायला हवा. बूस्टमध्ये याच्या उलट: बूस्ट जेवढं वाढेल तेवढाच रेलचा दाब वाढला पाहिजे, कारण इंजेक्टरला समोरून बूस्ट ढकलत असतं. 0.6 बार म्हणजे जवळजवळ 9 पीएसआय. म्हणून पूर्ण दाबल्यावर गेजवर 52 दिसले पाहिजेत.

रेग्युलेटर हे काम करतो का ते गाडी न हलवता कळतं. इंजिन आयडलला ठेवा आणि रेग्युलेटरच्या नळीला गेज असलेला सायकलचा हातपंप जोडा. जिथून नळी काढली ते इनटेक मॅनिफोल्डचं तोंड बोटाने किंवा बुचाने बंद करा, नाहीतर इंजिन हवा ओढेल. आता हळूहळू 9 पीएसआय हवा भरा. रेल 43 वरून 52 वर गेली पाहिजे आणि तिथे टिकली पाहिजे. आमची गेली आणि टिकली, म्हणजे रेग्युलेटर ठीक. टिकली नसती तर रिटर्नची रबरी नळी फडक्यात धरून क्षणभर दाबून पाहिली असती. तेवढ्यात दाब झपकन 70 च्या वर गेला तर पंपात जोर आहे आणि रेग्युलेटरच गळतोय. ब्रेडेड नळी मात्र अशी दाबू नका, आतून फाटते.

डायनोवर दृश्य वेगळं होतं. 5200 पर्यंत 52, मग 49, 45 आणि 6100 ला 41. ही घसरण दिसली की काम निम्मं झालं. दाब जागेवर राहून गाडी लीन असती तर इंजेक्टर किंवा मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) तपासायचा. दाबच पडतोय म्हटल्यावर इंजेक्टरला हात लावायचं कारण नाही. रेलच्या मागे जायचं.

मागे जाताना पहिला थांबा विजेचा. पंपाच्या प्लगवर, इंजिन चालू असताना, पंप ओढ घेत असताना मोजायचं. प्लग काढून मोजलं तर वायर कितीही सडकी असो, मीटर भरलेली बॅटरीच दाखवतो. बॅटरीवर 14.1 होते, पंपावर 11.6. अडीच व्होल्ट वाटेत गेले. प्लस आणि अर्थ वेगळे मोजले: प्लसच्या बाजूने 1.7, अर्थच्या बाजूने 0.8. अर्ध्या व्होल्टहून जास्त घट मी कुठेच चालवून घेत नाही. मूळची वायर मूळच्या छोट्या पंपासाठी होती. बॅटरीपासून 4 चौरस मिलिमीटरची नवी वायर, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज, डिकीत रिले आणि रंग खरवडून बॉडीला नवी अर्थ दिली. रिले चालवायला मात्र पंपाची जुनी वायरच वापरा. अपघातात इंजिन बंद पडलं तर ईसीयूने पंप बंद केला पाहिजे. थेट इग्निशनवर पंप जोडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्या तशा मी परत देत नाही.

पंपावर आता 13.7 मिळू लागले. डायनोवर 6100 चा दाब 41 वरून 44 झाला. सुधारला, पण 52 झाला नाही. बरेच जण इथे थांबून बूस्ट कमी करतात किंवा मॅपमध्ये पेट्रोल वाढवतात. दोष तसाच राहतो.

मग मापाची चाचणी. रिटर्नची नळी काढून धातूच्या डब्यात सोडायची, डबा वायरने बॉडीला जोडायचा, आणि हे उघड्यावर करायचं. बॅटरीला चार्जर लावून रिलेच्या जागी जम्पर वायरने पंप सुरू करायचा आणि अर्धा मिनिट मोजायचं. या पंपाकडून, इंजिन बंद असताना, पावणेदोन लिटरच्या आसपास अपेक्षा होती. आले 1100 मिली. मी लगेच पुन्हा घेतलं: 800. तिसऱ्यांदा 450, आणि धारेत बुडबुडे. 450 म्हणजे ताशी 54 लिटर, गाडीला लागतात 70. दहा मिनिटं थांबून परत सुरू केलं तर पुन्हा हजाराच्या वर!

पंप खराब असता तर दहा मिनिटांच्या विश्रांतीने सहसा एवढा सुधारला नसता. काहीतरी पंपाच्या तोंडाशी जाऊन बसत होतं आणि पंप थांबला की खाली गळून पडत होतं. म्हणूनच कुठल्याही गॅरेजमध्ये आयडलला गाडी ठणठणीत दिसायची.

टाकी उतरवली. पंपाच्या खालची जाळी तपकिरी गाळाने लेपलेली होती आणि आत चेपली गेली होती. टाकीच्या तळाला गंज आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी होती, हे तेव्हा कळलं. 2023 पासून ई20 टप्प्याटप्प्याने आलं आणि गाडी रस्त्यावर आल्यावर तेच भरलं गेलं. इथेनॉल जुना थर सोडवतं आणि पाणीही धरतं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून हे इथेनॉल जातं, त्यावर माझा राग नाही, पण जुन्या टाकीला त्याची सवय नसते. प्रत्येक नव्या पंपाबरोबर नवी जाळी येत होती, ती पंधरा दिवसांत भरत होती. पंप तिन्ही चांगले होते.

टाकी आतून साफ करून घेतली, जाळी आणि फिल्टर बदलले, टाकीपासून रेलपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घातल्या. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळ्या दर्जाची लागते. बाहेरची चांगली नळी आत घातली तर ती काही महिन्यांत फुगते.

या गाडीत लागलं नाही, पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. टाकी पाव भरलेली असताना फक्त वळणावर दाब पडत असेल तर पेट्रोल टाकीतल्या पंपापासून बाजूला सरकतंय. तिथे बॅफल (टाकीतला आडवा पत्रा) किंवा सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी छोटी टाकी) लागतो, मोठा पंप नाही. आणि पोलो टीएसआय, ऑक्टाव्हियासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्यांमध्ये उच्च दाबाच्या बाजूला पाना लावू नका. तिथला दाब शंभर बारच्या पुढे जातो. स्कॅनरवर मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर शेजारी ठेवून लॉग घ्या, आणि मिळालेला कमी पडला तर आधी टाकीतला पंप याच क्रमाने तपासा.

सिटी परत डायनोवर चढली. 6800 पर्यंत गेज 52 वरून हललं नाही, लॅम्डा 0.80. मुलाला सांगितलं, पाचशे किलोमीटरने गाडी आण, फिल्टर कापून आतला कागद बघायचा आहे. तो आला. कागदावर थोडी तपकिरी पूड होती, म्हणून अजून एक फिल्टर बदलला आणि पुढची तारीख हजार किलोमीटरची लिहून दिली.