पेशीचा धडा: कांद्याची साल, केळीचा गर आणि या चुका टाळा

आठवीपासून अकरावी-बारावीपर्यंत पेशी दरवर्षी येते, तरी पेपरात आणि प्रॅक्टिकलला पोरं त्याच त्याच जागी मार्क घालवतात. माझं स्पष्ट मत आहे की याचं मूळ एकच आहे, आकृती आधी पाठ होते आणि मायक्रोस्कोप नंतर येतो, मग डोळ्याला जे दिसतं ते न काढता पुस्तकातलंच काढलं जातं. जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना तर सामान घरातच आहे, कांदा आणि केळी, त्यामुळे त्याच दोघांना धरून सांगतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कांद्याच्या पेशीत हिरवी हरितलवकं (उजेडात अन्न तयार करणारे हिरवे कण) काढणं. अरे भो, कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवक येणार कुठून? वनस्पती पेशी म्हटली की हरितलवक असलंच पाहिजे असं डोक्यात बसलेलं असतं, पण मुळांच्या पेशीत नसतं, कांद्याच्या सालीत नसतं, ते मुख्यतः पानात आणि हिरव्या देठात असतं. तसंच तंतुकणिका (माइटोकॉन्ड्रिया), गॉल्गी पिंड, रायबोसोम हे पेशीतले बारीक भाग प्रॅक्टिकलच्या आकृतीत काढू नका. तंतुकणिकेची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर, ती शाळेच्या मायक्रोस्कोपमधे साध्या रंगवलेल्या सालीत ओळखू येत नाही, आणि रायबोसोम तर 20 ते 30 नॅनोमीटरचा, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. थिअरीच्या पेपरात ‘वनस्पती पेशीची आकृती काढा’ आलं तर सगळं काढा, पण ‘निरीक्षण’ लिहिलंय तिथं पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक आणि मधली मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पिशवी) एवढंच पुरे. केंद्रक बरोबर मधोमध काढायची सवय पण सोडा, रिक्तिका एवढी मोठी असते की केंद्रक भित्तीकडे ढकललं जातं, तुमच्या स्लाइडवर ते बाजूला दिसत असेल तर ते बरोबरच आहे.

स्लाइड बिघडते कुठं

साल काढताना वरचं वाळलेलं टरफल घेऊ नका, रसदार पाकळी मोडून तिच्या आतल्या खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा घ्या, एकच थर आला पाहिजे, दोन थर आले की सगळं धूसर. पापुद्रा पाण्यात टाका नाहीतर गुंडाळतो. रंग द्यायला आयोडीन किंवा सॅफ्रॅनिनचा एकच थेंब, जास्त झालं तर धुवा. कव्हरस्लिप वरून सरळ टाकली की हवा अडकते, ती सुईने तिरपी धरून हळू सोडायची. आणि गोल, काळ्याभोर जाड कडेचं, आतून एकदम स्वच्छ असं काही दिसलं तर ती पेशी नाही आणि केंद्रक तर नाहीच, तो हवेचा बुडबुडा आहे. दरवर्षी कुणीतरी तो बुडबुडा मन लावून काढतं आणि त्याला ‘केंद्रक’ नाव देतं.

आपल्याकडे एप्रिल-मे मधे भुसावळ-जळगावच्या उन्हात स्लाइडवरचं पाणी बघता बघता सुकतं आणि पेशी आकसतात, तेव्हा पाण्याऐवजी ग्लिसरीनचा थेंब वापरा. लाइट गेली आणि आरशावर काम करायची वेळ आली तर खिडकीतला उजेड घ्या, आरसा थेट सूर्याकडे कधीच फिरवू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

केळीत दिसतं ते केंद्रक नाही

हा भाग मला सगळ्यात आवडतो. रावेर-यावलकडचं कच्चं केळं घ्या, काडीच्या टोकावर येईल एवढाच गर स्लाइडवर पसरवा, आयोडीनचा थेंब टाका आणि बघा. पेशी गोलसर, सुट्या सुट्या, आणि आत निळे-काळे लांबट दाणे खचाखच भरलेले. पोरं लगेच म्हणतात सर, एका पेशीत एवढी केंद्रकं? ती केंद्रकं नाहीत, ते स्टार्चचे दाणे, आणि ते पेशीतल्या ज्या पिशवीसारख्या भागात, म्हणजे लवकात, साठतात ते बिनरंगाचं असतं, अवर्णलवक. म्हणजे पुस्तकात एका ओळीत संपणारं अवर्णलवकाचं काम इथं डोळ्यासमोर दिसतं. ओळखायची खूण सोपी: आयोडीनने स्टार्च निळा-काळा होतो, केंद्रक नुसतं पिवळसर तपकिरी होतं आणि एका पेशीत एकच असतं.

मग वखारीतून पिकून आलेलं पिवळंधमक केळं घेऊन तेच परत करा. दाणे खूप कमी झालेले असतील. कच्च्या गराच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पिकताना एन्झाइम त्याची साखर करतात, म्हणून केळं गोड लागतं. त्यामुळे ‘माझ्या स्लाइडवर काहीच निळं झालं नाही’ म्हणून रडू नका, आधी केळं किती पिकलंय ते बघा, आणि पिकल्याच्या खुणेसकट ते निरीक्षणात लिहा.

भित्तिका आणि पटल

‘वनस्पतीला पेशीभित्तिका, प्राण्याला पेशीपटल’ हे वाक्य तक्त्यात लिहिलंत की उत्तर चुकलं. पटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, दोघांनाही असतं, वनस्पतीत ते भित्तिकेला आतून चिकटून असतं म्हणून वेगळं दिसत नाही. वेगळं बघायचं असेल तर लाल कांदा घ्या, यावेळी पाकळीच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल, रंग काही टाकायचा नाही. अर्ध्या ग्लास पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्या. थोड्या वेळात जांभळा भाग आकसून भित्तिकेपासून सुटतो, कारण पाणी बाहेर गेलं, रिक्तिका लहान झाली आणि पटल मागे सरकलं, पण भित्तिका जागच्या जागी. साधं पाणी दिलं तर बऱ्याच पेशी परत फुगतात. हे एकदा बघितलेलं पोरगं दोन्हीचं काम कधी विसरत नाही.

भित्तिका फक्त वनस्पतीला असं पण लिहू नका, बुरशीला कायटिनची असते आणि जिवाणूंना पेप्टिडोग्लायकनची.

तंतुकणिका फक्त प्राण्यात असतात ही पण जुनी चूक, वनस्पतीला पण रात्रंदिवस श्वसन करावंच लागतं. ‘ऊर्जा तयार करते’ ऐवजी ‘अन्नातल्या ऊर्जेपासून एटीपी बनवते’ लिहा, एटीपी म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारा ऊर्जेचा रेणू. जिवाणूला केंद्रक नसतं म्हणजे डीएनए नसतो असं नाही, तो पेशीद्रव्यातच असतो, फक्त भोवती पटल नसतं. आणि ‘प्रत्येक पेशीत केंद्रक असतं’ हे वाक्य खोडा, माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत ते नसतं.

इतिहासाच्या प्रश्नात घोळ ठरलेला: 1665 मधे रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात बघितल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका, म्हणून ‘जिवंत पेशीचा शोध हूकने लावला’ लिहू नका. केंद्रक 1831 मधे रॉबर्ट ब्राऊनने, पेशी सिद्धांत श्लायडेन 1838 आणि श्वान 1839, आणि पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते हे विरशाव 1855.

आकृतीखाली वर्धन (वस्तू किती पट मोठी दिसते ते) लिहायचं राहून जातं किंवा बेरीज करतात. डोळ्याकडची भिंग 10 आणि खालची 45 असेल तर गुणाकार, 450, पंचावन्न नाही. आणि 45 लावलेली असताना मोठा स्क्रू फिरवू नका, आधी 10 वर फोकस, मग भिंग बदलून फक्त लहान स्क्रू, नाहीतर कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावर ओरखडा येतो.