पुठ्ठ्याचं स्टेशन वाकलं, तेव्हा

माझ्या १:८७ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी माथेरानच्या गाडीला शोभेल असं छोटं स्टेशन केलं. भिंती बुटांच्या खोक्याच्या. रंग दिला आणि सकाळी बघतो तर भिंती पापडासारख्या वळलेल्या. फार वाईट वाटलं.

एकाच बाजूने रंग दिला की पुठ्ठा त्याच बाजूने पाणी पितो आणि वळतो, तिथेच चूक होती. दुसऱ्यांदा कापल्यावर आधी दोन्ही बाजूंना लाखेचं पॉलिश दिलं, वाळू दिलं, आतून आइस्क्रीमच्या काड्या आडव्या-उभ्या चिकटवल्या. मग रंग, तोही दोन्हीकडून. भिंती आजही सरळ आहेत.

छपराच्या पन्हाळी पत्र्याने खरी मजा आणली. जेवणाच्या पार्सलची फॉइलची थाळी सपाट करून जुन्या रबरी चपलेवर ठेवली आणि एम-५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट दाबून फिरवला. त्याचे आटे ०.८ मिमी अंतरावर असतात. खऱ्या पत्र्याची सुमारे ७६ मिमीची पन्हाळ या मापात जवळपास तेवढीच, ०.८७ मिमी येते! ओळी किंचित तिरक्या उमटतात, म्हणून पत्रा ओळींच्या हिशोबाने कापायचा.

गंजासाठी माथेरानची लाल माती मलमलीतून चाळून पातळ फेविकॉलवर भुरभुरली. कोणत्याच रंगाने ती छटा आली नसती.