होस्टेलचं वायफाय रात्री आपोआप बंद ठेवताय? या चुका टाळा

कोल्हापूरला बोर्डिंग नवीन नाही, १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेक करत शहरात बोर्डिंग वाढत गेली. आता रेक्टर लोकांचा फोन आला की विषय एकच असतो, रात्री साडेदहाला वायफाय बंद व्हायला पाहिजे आणि पहाटे साडेपाचला चालू. ऐकायला सोपं वाटतं. पण मी इथल्या होस्टेलची नेटवर्क बघतो आणि त्याच त्याच चुका सगळीकडे सापडतात म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक घड्याळाची. एका होस्टेलवर मी स्वतः टायमिंग लावून आलो, १०.३० ते ५.३०, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रेक्टर सरांचा फोन, "अहो, रात्रभर पोरं मोबाईल बघत होती आणि आता नेट बंद आहे, नऊला पोरांची ऑनलाइन टेस्ट आहे." गेलो, बघितलं, तर राऊटरचा टाइम झोन यूटीसीवरच, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवरच राहिलेला. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे राऊटरचे रात्रीचे साडेदहा म्हणजे आपल्या पहाटेचे चार, आणि त्याचे साडेपाच म्हणजे आपल्या सकाळचे अकरा. चार ते अकरा नेट बंद! मी वेळ बरोबर टाकली होती पण राऊटरच्या स्टेटस पेजवर आत्ता किती वाजलेत दाखवतंय ते बघितलंच नव्हतं. आता पहिल्यांदा तेच बघतो, हातातल्या मोबाईलचं घड्याळ शेजारी धरून.

घड्याळाचंच पुढचं. बऱ्याच स्वस्त राऊटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो, लाईट जाऊन आली की ते एकदम १९७० साल नाहीतर फर्मवेअरची (राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) जुनी तारीख धरून बसतात आणि इंटरनेटवरनं वेळ मिळेपर्यंत टायमिंगला काही अर्थ नसतो. पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. राऊटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर असंही बघितलंय, मग राऊटर चालू पण त्याला वेळ विचारायला नेटच नाही. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या आणि एनटीपीची, म्हणजे इंटरनेटवरनं वेळ घ्यायची सेटिंग चालू आहे का बघा.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ काही राऊटर घेतच नाहीत. तिथं दोन नियम करायचे, १०.३० ते ११.५९ आणि १२.०० ते ५.३०. शनिवारी रात्री पोरांना सूट द्यायची असेल तर पहिल्या नियमातनं शनिवार काढायचा पण दुसऱ्यातनं रविवार, कारण बारा वाजले की वार बदलतो, इथं निम्मे लोक फसतात आणि पोरांचा पिक्चर बरोबर बाराला अडकतो.

मेन स्विचला टायमर लावून सगळंच बंद करायचा शॉर्टकट तर कधीच नको. त्याच पीओई स्विचवर (नेटच्या केबलमधनंच वीज देणारा स्विच) सीसीटीव्हीचे कॅमेरे असतात, बायोमेट्रिक मशीन असतं. एका ठिकाणी पोराची सायकल गेली आणि फुटेज काढायला बसलो तर रोज साडेदहा ते साडेपाच रेकॉर्डिंग कोरं. रेक्टर सरांचा चेहरा बघवत नव्हता, पोरगं बिचारं मागं उभं होतं. पोरांचं वायफाय वेगळ्या नावाचं करा, टायमिंग फक्त त्याच नावाला लावा, ऑफिस आणि कॅमेऱ्यांचं नेट वेगळं ठेवा. आणि वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडला लावा, एक विसरला की पोरांना पाच मिनिटांत कळतं.

काही जण फोनचे मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर फोन ओळखायचे नंबर, लिहून ब्लॉक करतात. हल्लीचे अँड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक वायफायला वेगळा मॅक दाखवतात आणि तो सेटिंगमधनं बदलताही येतो, त्यामुळे ती यादी महिनाभरात कुचकामी. फायरवॉलमध्ये, म्हणजे राऊटरच्या नेट अडवायच्या सेटिंगमध्ये वेळेचा नियम टाकला तरी एक अडचण राहते, साडेदहाच्या आधी सुरू झालेली गेम किंवा व्हिडिओ कित्येकदा तसाच चालू राहतो, कारण नियम नव्या कनेक्शनलाच अडवतो. त्यापेक्षा ते वायफायचं नावच बंद होऊ दे, सगळ्यांचं एकदम तुटतं.

सिमच्या डेटाला मात्र यातलं काहीच लागू होत नाही, तिथं फोन जमा करायचा की नाही ते रेक्टरनी ठरवायचं.

टायमिंग लावलं की रात्रीची वाट बघू नका, दुपारी चार ते चार दहा अशी खोटी वेळ टाकून समोर बसून बघा, दहा मिनिटांत सगळं कळतं. मग एकदा लाईट मुद्दाम घालवून परत तेच.

आणि एक गोष्ट माझ्या मनापासनं. होस्टेलवर शिरोळ, करवीरकडची पोरं असतात. पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं सरकायला लागली की त्या पोरांना रात्री झोप लागत नाही, गावात रेंज धड नसते आणि घरचे जमेल तेव्हा व्हॉट्सअॅपवर बोलतात. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजावं लागत नाही. म्हणून टायमिंग एका बटणावर थांबवता येईल असं ठेवा, ते कसं करायचं ते मराठीत चार ओळीत लिहून रेक्टरच्या कपाटाच्या दाराला आतनं चिकटवा, आणि लिहून झालं की तुमच्यासमोर एकदा रेक्टरना स्वतःच्या हातानं करून बघायला सांगा.